उमेदवाराचा शब्द : जेनेट रँकिन यांचा १९१६ चा जाहीरनामा

माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय मी शिकविते. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात निवडणूक हा धडा चालला असता पक्षांचे जाहीरनामे, उमेदवारांची आश्वासने आणि मतदारांचे कर्तव्य यांविषयी मी काही सांगत होते. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “बाई, निवडणूक झाल्यावर जाहीरनामा कोण वाचतो?” वर्ग हसला. मीही हसले. परंतु घरी गेल्यावर त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. मुलीने थट्टा केली नव्हती. घरी, दारी, बाजारात थोरांच्या तोंडून जे ऐकले तेच तिने वर्गात बोलून दाखविले होते. निवडून येण्यापूर्वी दिलेला शब्द हा निवडून आल्यावर विसरण्यासाठीच असतो, अशी जर चौदा वर्षांच्या मुलांची समजूत होऊ लागली, तर नागरिकशास्त्राचे पुस्तक आम्ही शिकवावे तरी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधले. ते मला आपल्या देशापासून फार दूर, अमेरिकेच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखात सापडले. १९१६ साली तेथे एका शिक्षिकेच्या मुलीने देशाच्या कायदेमंडळासाठी उमेदवारी केली. निवडणुकीपूर्वी ती काय म्हणाली, निवडून आल्यावर तिने काय केले, आणि त्याची किंमत तिला काय द्यावी लागली, हा हिशेब आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे. तिचे नाव जेनेट रँकिन.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे काँग्रेस म्हटले की एक राजकीय पक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, तर देशाचे कायदेमंडळ होय. त्याची दोन सभागृहे : एक सिनेट आणि दुसरे प्रतिनिधिगृह. आजची कथा या प्रतिनिधिगृहाच्या एका जागेची आहे.

अमेरिकेतील स्त्रियांच्या स्थितीची ओळख मराठी वाचकांना तशी जुनीच. पंडिता रमाबाई १८८६ साली त्या देशात गेल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी संयुक्त संस्थानांच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक दीर्घ प्रकरण तेथील स्त्रियांविषयीच आहे. तो ग्रंथ मुंबईस छापला गेला त्या वर्षी मॉन्टाना प्रांतात जेनेट रँकिन ही नऊ वर्षांची मुलगी होती, आणि त्याच वर्षी त्या प्रांताला राज्याचा दर्जा मिळाला.

हे मॉन्टाना राज्य आकाराने आपल्या महाराष्ट्राहूनही मोठे. परंतु १९१० च्या शिरगणतीत त्याची एकूण लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. एका बाजूला गुरांची कुरणे आणि गव्हाची शेते, दुसऱ्या बाजूला ब्यूट या गावाच्या पोटातील तांब्याच्या खाणी. जेनेट यांचा जन्म ११ जून १८८० रोजी मिझूला गावाजवळ झाला. वडील कॅनडातून आलेले सुतार व पशुपालक. आई न्यू हॅम्पशायरहून आलेली शिक्षिका. भावंडांत ही थोरली. घरात स्त्री आणि पुरुष दोघेही सारखेच राबत, आणि मतदानाचा दिवस आला की मात्र फक्त पुरुष बाहेर पडत, ही विसंगती तिने लहानपणापासून पाहिली.

१९०२ साली जीवशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. काही काळ त्यांनी शाळेत शिकविले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोमधील गरीब वस्तीत त्यांनी सेवाकार्य पाहिले, न्यूयॉर्कमध्ये समाजसेवेचे शिक्षण घेतले, आणि वॉशिंग्टन राज्यात अनाथ मुलांच्या संस्थेत काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, एका मुलाला दूध आणि अंथरूण मिळवून देणे हे पुण्याचे काम खरेच, परंतु अशी मुले ज्या कायद्यांमुळे आणि ज्या कायद्यांच्या अभावामुळे निराधार होतात, ते कायदे बदलल्यावाचून या दुःखाचा ओघ थांबावयाचा नाही. आणि कायदे करणार कोण? ज्यांना मत आहे ते.

त्या काळी अमेरिकेत ज्या विचारप्रवाहाला प्रागतिक असे नाव होते, त्याचे मर्म या एका वाक्यात सांगता येईल. बड्या कंपन्यांची सत्ता, कारखान्यांतील बालमजुरी, शहरांतील घाण, मद्याचा सुळसुळाट आणि लाचखाऊ राजकारण यांवर केवळ दानधर्माने उपाय होत नाही, कायद्याने व्हावयास हवा, असे या लोकांचे म्हणणे होते. दोन्ही मोठ्या पक्षांत असे लोक होते. रँकिनबाई रिपब्लिकन पक्षातील या प्रागतिक गटाच्या.

१९११ च्या फेब्रुवारीत त्या मॉन्टानाच्या विधिमंडळापुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलल्या. त्या सभागृहापुढे बोलणारी पहिली स्त्री त्याच. मागणी लगेच मान्य झाली नाही. मग पुढची तीन वर्षे त्या गावोगाव हिंडल्या. खाणींच्या तोंडाशी, शाळांच्या खोल्यांत, शेतकऱ्यांच्या ओसरीवर त्यांनी सभा घेतल्या. १९१४ च्या नोव्हेंबरात पुरुष मतदारांनी, चार हजारांहूनही कमी मतांच्या आधिक्याने का होईना, मॉन्टानातील स्त्रियांना मताधिकार दिला. पुढील वर्षी रँकिनबाई न्यूझीलंडला गेल्या. त्या देशात स्त्रियांना १८९३ पासूनच मत होते. तेथे त्यांनी शिवणकाम करून पोट भरले, आणि कामगारांच्या घरांत मताधिकाराने काय फरक पडला हे जवळून पाहिले. राज्यकर्त्यांच्या मेजवान्यांपेक्षा शिवणाच्या टेबलाजवळ अधिक कळते, हे त्यांना ठाऊक असावे.

आणि मग १९१६ साल उजाडले. अमेरिकेच्या ४८ राज्यांपैकी ११ राज्यांत तेव्हा स्त्रियांना पूर्ण मताधिकार होता. परंतु देशाच्या काँग्रेसमध्ये एकही स्त्री कधी बसली नव्हती. मॉन्टानाला प्रतिनिधिगृहाच्या दोन जागा होत्या, आणि दोन्ही जागांसाठी साऱ्या राज्यातून मतदान होत असे. रँकिनबाईंनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा मताधिकाराच्या चळवळीतील काही मैत्रिणींनीसुद्धा, घाई करू नका, हार झाली तर चळवळीला धक्का बसेल, असा सल्ला दिला. धाकटे बंधू वेलिंग्टन रँकिन हे वकील होते. त्यांनी मात्र प्रचाराची सूत्रे आणि खर्चाचा भार आपल्याकडे घेतला. ऑगस्टमधील पक्षांतर्गत निवडणुकीत पुरुष प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून रँकिनबाई उमेदवार ठरल्या.

आता त्यांचा जाहीरनामा पाहू. तो लांबलचक नव्हता. पहिले कलम असे की, स्त्रियांना मताधिकार केवळ काही राज्यांत नव्हे, तर देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून सर्वत्र मिळावा. दुसरे, मातांच्या व बालकांच्या आरोग्यासाठी आणि मुलांच्या संरक्षणासाठी देशाने कायदे करावेत. तिसरे, काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवस आठ तासांचा असावा. चौथे, साऱ्या देशात दारूबंदी व्हावी. पाचवे, जकातीच्या दरांची फेररचना व्हावी, आणि काँग्रेसचे कामकाज लोकांच्या नजरेआड न राहता उघड्यावर यावे. यांखेरीज युरोपात पेटलेल्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये, हे आपले मतही त्यांनी लपविले नाही.

या कलमांमागचे सूत्र त्या सभांमधून सोप्या शब्दांत सांगत. जकात, परराष्ट्रधोरण आणि पाटबंधारे यांची काळजी वाहण्यासाठी काँग्रेसमध्ये शेकडो पुरुष आहेत. परंतु मुले ही राष्ट्राची सर्वांत मोठी संपत्ती असून तिची काळजी वाहण्यासाठी तेथे एकही स्त्री नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे असे. श्रोतेहो, यातील चातुर्य पाहा. स्त्रीची जागा घरात आहे, असे विरोधक म्हणत. बाईंनी ते नाकारण्यात वेळ दवडला नाही. घर सांभाळावयाचे तर दुधाची शुद्धता, पाण्याची स्वच्छता, नवऱ्याच्या खाणीतील सुरक्षितता आणि मुलाची शाळा यांचे कायदेही सांभाळले पाहिजेत, असे त्या म्हणाल्या. विरोधकांचाच मुद्दा त्यांनी त्यांच्या गळ्यात बांधला.

७ नोव्हेंबर १९१६ रोजी मतदान झाले. त्या दिवशी बाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी टेलिफोनवरून घरोघर विचारणा केली की, आपण रँकिन यांना मत दिलेत ना? पहिल्या बातम्या त्या हरल्याच्या होत्या. दूरदूरच्या खेड्यांतील मतपत्रिका मोजून होईपर्यंत काही दिवस गेले. अखेर असे दिसून आले की, दोन जागांपैकी दुसरी जागा त्यांनी साडेसात हजारांच्या आसपास मताधिक्याने जिंकली आहे. विशेष म्हणजे त्याच निवडणुकीत अध्यक्षपदासाठी मॉन्टानाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या वुड्रो विल्सन यांना कौल दिला होता. याचा अर्थ पुष्कळ मतदारांनी पक्ष बाजूला ठेवून या उमेदवाराला मत दिले. अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. आपल्या मुलीच्या प्रश्नाला खरे आरंभस्थान यानंतर मिळते. निवडणूक झाल्यावर जाहीरनामा कोणी वाचला?

२ एप्रिल १९१७ रोजी रँकिनबाईंनी सभागृहात आसन घेतले. फुलांचे गुच्छ, टाळ्या, छायाचित्रकार यांनी तो दिवस गजबजला. त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. नव्या सभासदाला सभागृहाच्या वाटा माहीत होण्यापूर्वीच परीक्षा येऊन ठेपली. वेलिंग्टन यांनी बहिणीला परोपरीने विनविले की, युद्धाच्या बाजूने मत दे, नाहीतर तुझी कारकीर्द येथेच संपेल. मताधिकाराच्या काही पुढाऱ्यांनाही भीती होती की, बाईंनी विरोधी मत दिले तर स्त्रिया राज्यकारभारास दुबळ्या आहेत असा डांगोरा पिटला जाईल. ६ एप्रिलच्या पहाटे मतमोजणी झाली. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. पहिल्यांदा नाव पुकारले तेव्हा बाई गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारले तेव्हा उठून त्या म्हणाल्या की, मला माझ्या देशाच्या पाठीशी उभे राहावयाचे आहे, परंतु युद्धासाठी मत मी देऊ शकत नाही. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. पन्नासांपैकी एकोणपन्नास पुरुष होते, परंतु वर्तमानपत्रांचा रोख राहिला तो एका बाईवर. त्यांच्या डोळ्यांत अश्रू होते की नव्हते, याचीच चर्चा अधिक रंगली.

निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धाचा ठराव आला तेव्हा, आता देश युद्धात आहेच, अशा विचाराने बाईंनी नाराजीने का होईना, ठरावाच्या बाजूने मत दिले. माणसाचे वर्तन रेघ मारल्यासारखे सरळ नेहमीच नसते.

युद्धाच्या या गदारोळात देशांतर्गत प्रश्नांवरील त्यांचे काम मागे पडले, आणि आजही लोकांच्या स्मरणात त्यांचे ते एक मतच उरले आहे. म्हणून जाहीरनाम्याची कलमे आपण एकेक करून तपासू.

पहिले कलम मताधिकाराचे. आसन घेतल्याबरोबर त्यांनी घटनादुरुस्तीचा ठराव दाखल केला. १० जानेवारी १९१८ रोजी तो प्रश्न प्रतिनिधिगृहापुढे आला आणि चर्चेचा आरंभ रँकिनबाईंनीच केला. जगात लोकशाही सुरक्षित राहावी म्हणून ज्या काँग्रेसने युद्ध पुकारले, तीच काँग्रेस आपल्या घरच्या स्त्रियांना एवढीशी लोकशाही देण्यास नकार देत असेल, तर लोकशाहीचा अर्थ आम्ही त्यांना कसा समजावून सांगावा, असा त्यांचा सवाल होता. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मते लागतात. मतदान झाले २७४ विरुद्ध १३६. यातील एक मत जरी इकडचे तिकडे झाले असते, तरी ठराव फेटाळला गेला असता. न्यूयॉर्कचे एक सभासद मृत्युशय्येवरील पत्नीला सोडून मत देण्यासाठी आले होते, कारण तीच तिची इच्छा होती. पुढे सिनेटमध्ये ठराव दोन मतांनी अडला. तो दोन्ही सभागृहांत संमत झाला १९१९ च्या मे-जूनमध्ये, आणि राज्यांची मान्यता मिळून १९२० च्या ऑगस्टमध्ये घटनेत आला. त्या वेळी रँकिनबाई सभागृहात नव्हत्या. त्यांची मुदत १९१९ च्या मार्चमध्येच संपली होती. पेरणी त्यांची, कापणीच्या वेळी मात्र त्या बांधाबाहेर.

दुसरे कलम माता आणि बालके यांचे. बाळंतपणात आणि पहिल्या वर्षात होणारे मृत्यू टाळण्यासाठी, विशेषतः दूरच्या खेड्यांतून, परिचारिका आणि शिक्षण यांची सोय देशाच्या पैशाने व्हावी, यासाठी १९१८ साली त्यांनी विधेयक मांडले. सरकारच्या बालक विभागाच्या प्रमुख ज्यूलिया लॅथ्रप यांच्या अभ्यासाचा त्याला आधार होता. विधेयक त्या काँग्रेसमध्ये पुढे गेले नाही. परंतु त्याच कल्पनेवर १९२१ साली शेपर्ड-टाउनर या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. समाजकल्याणासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने राज्यांना पैसा देण्याची ही फार महत्त्वाची सुरुवात होती. तो व्हावा म्हणून बाई सभासद नसतानाही ग्राहकांच्या एका राष्ट्रीय संघटनेच्या वतीने खटपट करीत होत्या. १९२९ मध्ये हा कायदा बंद पडला, परंतु कल्पना मेली नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ती पुन्हा आली.

याच संदर्भात त्यांच्या आणखी एका विधेयकाचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकन स्त्रीने परक्या देशाच्या नागरिकाशी विवाह केल्यास १९०७ च्या कायद्याने तिचे स्वतःचे नागरिकत्व जात असे. हे बदलावे असा बाईंचा प्रयत्न होता. त्यांच्या वेळी तो सफल झाला नाही. १९२२ मध्ये कायदा बदलला, पण अर्धवट. ज्या पुरुषांना अमेरिकन नागरिकत्व मिळूच शकत नाही, अशांशी विवाह करणाऱ्या स्त्रियांना त्याचा लाभ नव्हता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अशाच अपात्रांत बसविले. ही अडचण दूर होण्यास १९३१ साल उजाडावे लागले. दूरच्या देशातील कायद्याची सावली आपल्या माणसांवर कशी पडते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरे कलम आठ तासांचे. सरकारच्या नोटा आणि तिकिटे तेव्हा जेथे छापली जात, त्या वॉशिंग्टनमधील छापखान्यातील स्त्रियांनी १९१७ च्या उन्हाळ्यात बाईंकडे गाऱ्हाणे नेले. युद्धाच्या निमित्ताने त्यांना बारा-बारा तास राबवून घेतले जात होते. बाईंनी ऐकीव माहितीवर भाषण ठोकले नाही. एका अनुभवी अभ्यासक स्त्रीकडून त्यांनी चौकशी करविली, पुरावा गोळा केला, आणि अर्थमंत्र्यांपुढे ठेवला. परिणामी तेथे आठ तासांचा दिवस पुन्हा सुरू झाला. कायदा न करतासुद्धा एखादा जागरूक सभासद काय करू शकतो, हे यावरून दिसते.

आणि स्वतःच्या राज्यात? ८ जून १९१७ रोजी ब्यूट येथील स्पेक्युलेटर खाणीत आग लागली आणि १६८ कामगार प्राणास मुकले. खाणकामगारांनी संप पुकारला. त्या प्रदेशात ॲनाकोंडा तांबे कंपनीचा शब्द म्हणजे कायदाच होता. राज्यातील कित्येक वर्तमानपत्रेही तिच्याच मुठीत होती. अशा स्थितीत कंपनीकडे डोळेझाक करणे कोणत्याही सभासदाला सोयीचे झाले असते. रँकिनबाई ब्यूटला गेल्या, कामगारांपुढे बोलल्या, तडजोडीचा प्रयत्न केला, आणि अध्यक्षांनी जरूर पडल्यास खाणी सरकारच्या ताब्यात घ्याव्यात असा ठरावही त्यांनी काँग्रेसमध्ये मांडला. तो संमत झाला नाही. परंतु आपण कोणाच्या बाजूचे आहोत, हे त्यांनी शत्रूंनाही स्पष्ट करून दिले.

चौथे कलम दारूबंदीचे. येथे मात्र हिशेब वेगळा लागतो. १९१७ च्या डिसेंबरात दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला त्यांनी मत दिले, म्हणजे शब्द पाळला. परंतु शब्द पाळला म्हणून धोरण यशस्वी होतेच असे नाही. बंदी अमलात आल्यावर चोरटा धंदा, गुंडांच्या टोळ्या आणि लाचलुचपत यांना ऊत आला, आणि १९३३ मध्ये देशाने दुसऱ्या घटनादुरुस्तीने ती बंदी उठविली. नवऱ्याच्या पगारातून दारूचे दुकान प्रथम आपला वाटा घेते, हे ज्या स्त्रियांनी भोगले त्यांची व्यथा खोटी नव्हती. त्यावरचा उपाय मात्र चुकला. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा ज्यांच्या घरांत चर्चेचा विषय होता, त्यांना हा पेच समजावून सांगावा लागणार नाही.

पाचव्या कलमातील जकात आणि कामकाजाची प्रसिद्धी या बाबतींत दोन वर्षांत त्यांच्या हातून सांगण्याजोगे काही घडले नाही. आणि ज्या प्रश्नांचा त्या काळच्या पुष्कळशा प्रागतिकांना विसरच पडला होता, तेही नोंदविले पाहिजेत. मॉन्टानातील मूळच्या आदिवासी जमातींपैकी अनेकांना नागरिकत्वच नव्हते. ते सर्वांना मिळाले १९२४ साली. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णी स्त्रियांच्या हातात १९२० नंतरही मत प्रत्यक्षात पडले नाही. त्यासाठी १९६५ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. ज्या गोष्टी जाहीरनाम्यात लिहिलेल्या नसतात, त्याही वाचावयास शिकले पाहिजे.

आता किंमत. १९१८ ची निवडणूक जवळ आली तेव्हा मॉन्टानाच्या विधिमंडळाने राज्याचे दोन मतदारसंघ पाडले होते. ज्या साऱ्या राज्याने बाईंना निवडून दिले, ते साऱ्या राज्याचे मतदान आता उरले नाही. नव्या वाटणीत पुन्हा निवडून येणे अवघड दिसल्याने त्यांनी सिनेटसाठी प्रयत्न केला. पक्षांतर्गत निवडणुकीत त्या थोडक्यात हरल्या. मग एका लहान पक्षाच्या तिकिटावर उभ्या राहून त्या तिसऱ्या आल्या. युद्धाविरुद्धचे मत आणि खाणमालकांचा रोष, दोन्ही त्यांच्या विरोधात गेले. अडतिसाव्या वर्षी त्या सभागृहाबाहेर पडल्या, आणि परत येण्यास त्यांना बावीस वर्षे लागली.

१९४० मध्ये मॉन्टानाने त्यांना पुन्हा निवडून दिले. ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, जपानविरुद्ध युद्धाचा ठराव ३८८ विरुद्ध १ मताने संमत झाला. ते एक मत रँकिनबाईंचे. बाहेर संतप्त जमाव जमला, आणि त्यांना टेलिफोनच्या खोलीत आश्रय घेऊन पोलीस बोलवावे लागले. त्या मताशी आपण सहमत असावे असे मी म्हणत नाही. मी स्वतः त्या जागी असते तर काय केले असते, हे मला निश्चित सांगता येणार नाही. परंतु मतदारांना त्यांनी कधी अंधारात ठेवले होते, असे त्यांचा विरोधकही म्हणू शकला नसता. त्यानंतर त्या निवडणुकीस उभ्या राहिल्या नाहीत.

महात्मा गांधींच्या विचारांचे त्यांना मोठे आकर्षण होते. १९४६ पासून १९७१ पर्यंत त्या सात वेळा भारतात येऊन गेल्या. १९६८ च्या जानेवारीत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध हजारो स्त्रियांच्या मोर्च्याच्या अग्रभागी त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून चालल्या. १८ मे १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या आधाराने १९७६ मध्ये एक निधी उभा राहिला. वय वाढल्यावर पुन्हा शिकू इच्छिणाऱ्या गरीब स्त्रियांना त्यातून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९८५ साली त्यांचा पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात बसविण्यात आला.

श्रोतेहो, या हिशेबाची बेरीज काय येते? पाच कलमांपैकी मताधिकाराचे कलम त्यांच्या मुदतीनंतर पुरे झाले. बालकांचे कलम त्यांच्या मागून कायद्यात आले आणि पुन्हा मावळून पुन्हा उगवले. आठ तासांचे कलम एका छापखान्यापुरते का होईना, त्यांच्या डोळ्यांदेखत फळले. दारूबंदीचे कलम फळले, पण फळ कडू निघाले. पाचवे कागदावर राहिले. कोणी म्हणेल, मग या बाई यशस्वी कशा? माझे म्हणणे एवढेच आहे की, उमेदवार वचन देतो ते निकालाचे नव्हे, ते त्याच्या हातात नसते. तो वचन देतो ते प्रयत्नाचे. आणि प्रयत्न झाला की नाही, हे तपासण्याचे काम त्याचे नसून आपले आहे.

मतदारसंघाची वाटणी बदलून एका सभासदाला घरी बसविता येते, कंपनीच्या वर्तमानपत्रातून त्याची बदनामी करता येते. परंतु १९१६ साली तो काय म्हणाला होता, आणि १९१७-१८ मध्ये त्याने काय केले, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचणारा एक मतदार जरी शिल्लक असेल, तरी लोकशाहीत शब्दाला मोल राहते. असा मतदार नसेल तर प्रामाणिक उमेदवार आणि लबाड उमेदवार यांच्यात फरक तो काय राहिला? दोघांचीही आश्वासने सारखीच गोड लागतात.

त्या मागच्या बाकावरील मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात रँकिनबाईंची ही हकीकत सांगितली. तिने पुन्हा विचारले, “पण बाई, निवडणूक झाल्यावर जाहीरनामा वाचावयाचा कोणी?” मी तिच्या हातात एक जुनी वही दिली आणि म्हटले, “तू.” तेव्हापासून आमच्या वर्गात एक रिवाज पडला आहे. निवडणुकीच्या वेळी घरी येणारी पत्रके मुले त्या वहीत चिकटवितात, आणि समोरचे पान कोरे ठेवतात. त्या कोऱ्या पानावर पुढच्या पाच वर्षांत काय झाले, ते लिहावयाचे. ही मुले शाळा सोडून जातील तेव्हा वही पुढच्या वर्गाकडे जाईल.

श्रोतेहो, आपल्याही घरी अशी एखादी जुनी वही असेलच.